शॉकअप बदलले आणि गाडी वाजू लागली: एका मोटारीच्या ध्वनिरोधक अस्तराचे प्रकरण

पार्श्वभूमी

सातारा जिल्ह्याच्या पश्चिम भागात राहणाऱ्या एका शिक्षकांची २०१४ सालची डिझेल सेडान २०२३ च्या जून महिन्याच्या अखेरीस आमच्या वर्कशॉपमध्ये आली, तेव्हा ती १ लाख १८ हजार किलोमीटर चाललेली होती. गाडी महिन्यातून दोनदा पुण्याला जाते. मालकांच्या आईंचे वय ७८ असून त्या दोन्ही कानांना श्रवणयंत्र लावतात. यंत्राची तपासणी आणि लेकीकडचा मुक्काम या दोन्ही कारणांनी त्यांचा हा प्रवास ठरलेला असतो. ओळख पटू नये म्हणून गाव, गाडीची कंपनी आणि संबंधितांची नावे येथे वगळली आहेत. बाकी घटनाक्रम जसा घडला तसाच आहे.

त्याच वर्षी मे महिन्यात दुसऱ्या शहरातील एका गॅरेजमध्ये या गाडीच्या सस्पेन्शनचे, म्हणजे चाकांचे धक्के झेलणाऱ्या यंत्रणेचे, मोठे काम झाले होते. पुढचे दोन्ही स्ट्रट (शॉकअप आणि स्प्रिंग एकत्र असलेले खांब) आणि त्यांना बॉडीशी जोडणारी वरची माउंटिंग, चाकाला खालून धरणारे दोन्ही लोअर आर्म, लिंक रॉड, मागचे दोन्ही शॉकअप आणि मागच्या ॲक्सल बीमचे (मागची दोन्ही चाके जोडणाऱ्या आडव्या तुळईचे) बुश, म्हणजे सांध्यांतले रबरी भाग, एवढे भाग बदलले गेले. कामात वरवर पाहता खोट काढण्यासारखे काही नव्हते. खड्ड्यात गाडी आपटणे बंद झाले, वळणावर झुकणे कमी झाले, स्टिअरिंग सरळ राहू लागले. तरीही मालक पहिल्याच भेटीत म्हणाले, “शॉकअप नवे टाकल्यापासून गाडी पत्र्याच्या डब्यासारखी वाजते हो. आईला मागच्या सीटवर माझं एक अक्षर ऐकू येत नाही.”

ते त्या गॅरेजमध्ये दोनदा जाऊन आले होते. पहिल्या वेळी त्यांना सांगण्यात आले, की नवे भाग बसायला वेळ लागतो. दुसऱ्या वेळी एका कामगाराने सहज सांगून टाकले, की डिकीच्या आतला नमदा (आवाज शोषणारा दाबलेल्या तंतूंचा जाड थर) कुजून त्याचा भुगा झाला होता, म्हणून तो काढून टाकला. या एका वाक्याने सगळ्या प्रकरणाला दिशा मिळाली. नमदा टाकून देण्यात त्या गॅरेजचा काही वाईट हेतू होता असे मला वाटत नाही. कुजलेला नमदा परत बसवणेही योग्य ठरले नसते. मात्र तो टाकला हे मालकांना सांगितले गेले नाही, बिलावर लिहिले गेले नाही आणि त्याच्या जागी दुसरे काही बसवले गेले नाही. पुढचा सगळा त्रास येथून सुरू झाला.

सस्पेन्शनच्या कामात अस्तर का हलते

गाडीचे ध्वनिरोधक अस्तर आणि सस्पेन्शन यांचा संबंध पुष्कळ वाहनमालकांच्या लक्षात येत नाही, म्हणून येथे थोडे थांबतो. या गाडीत मागच्या शॉकअपची वरची नटे डिकीच्या आतून, चाकाच्या कमानीच्या माथ्यावर आहेत. तिथे पाना लावायचा तर डिकीच्या बाजूचे प्लास्टिकचे आवरण आणि त्यामागचा नमदा दूर करावा लागतो. पुढच्या स्ट्रटची नटे वायपरखालच्या जाळीच्या आड असल्यामुळे ती जाळी आणि तिच्याखालची फोमची पट्टी काढावी लागते. लोअर आर्मसाठी चाकामागचे लायनर, म्हणजे कमानीच्या आतले आवरण, सैल करावे लागते. मागचा ॲक्सल बीम खाली उतरवायचा असेल तर चाकाच्या वेगाच्या सेन्सरची वायर सोडवावी लागते, आणि ही वायर बॉडीतून ज्या भोकातून आत जाते त्या भोकाचे ग्रोमेट, म्हणजे वायरभोवती भोक बंद करणारी रबरी बुची, तेव्हा जागचे हलते.

यातली प्रत्येक गोष्ट प्लास्टिकच्या क्लिपांवर टिकलेली असते. नऊ वर्षे उन्हात आणि इंजिनच्या उष्णतेत राहिलेल्या क्लिपा काढताना तुटतात. दहा काढल्या तर तीन-चार हमखास जातात. नव्या क्लिपा आणून ठेवल्या नसतील तर उरलेल्या सहांवर आवरण परत बसते, दिसायला पूर्वीसारखेच दिसते आणि गाडी चालू लागली की थरथरू लागते.

नेमकी तक्रार कोणती होती

“आवाज येतो” या शब्दांवर काम सुरू करता येत नाही. मालकांना शेजारी बसवून आम्ही त्यांच्याच गाडीतून पंचवीस किलोमीटरची फेरी मारली आणि प्रत्येक आवाजाची वेगवेगळी नोंद केली. पहिला आवाज म्हणजे साधारण ६० ते ७० किलोमीटर वेगाच्या दरम्यान येणारी घुमणारी गुणगुण, जी कानापेक्षा छातीत जास्त जाणवत होती. दुसरा मागच्या बाजूने सतत येणारा टायरचा सूंऽऽ असा आवाज. त्यातच बारीक खडी उडून कमानीवर आदळली की मोकळ्या पत्र्यावर वाटाणे टाकल्यासारखे वाजत होते. तिसरा गतिरोधकावरून जाताना डिकीतून येणारी प्लास्टिकची खडखड. चौथा धारदार खड्ड्यात पुढून येणारा ठोका.

हे आवाज वेगळे ओळखणे आवश्यक होते, कारण त्यांचे मार्ग वेगळे असतात. टायरची थरथर बुश, बीम आणि माउंटिंग यांच्यातून बॉडीच्या पत्र्यात शिरते आणि पत्रा स्वतःच आवाज करू लागतो. ढोबळमानाने ४०० ते ५०० हर्ट्झच्या खालचा आवाज बहुतांशी या मार्गाने येतो. त्याहून वरच्या पट्टीतला आवाज प्रामुख्याने हवेतून, फटींतून आणि पातळ पत्र्याच्या आरपार येतो. पहिल्या मार्गावर बुश नीट बसवणे आणि पत्र्याला चिकटून त्याची थरथर मारणारे डॅम्पिंग शीट लावणे हा उपाय आहे. दुसऱ्यावर फटी बुजवणे आणि नमदा बसवणे हा. घुमणाऱ्या गुणगुणीवर कितीही नमदा भरला तरी उपयोग शून्य, कारण एवढ्या लांब लहरींच्या ध्वनीला दोन सेंटिमीटरचा नमदा जाणवतही नाही.

आजींच्या दृष्टीने मात्र ही गुणगुण सर्वांत त्रासाची होती. खालच्या पट्टीतला मोठा आवाज वरच्या पट्टीतल्या बारीक आवाजांना झाकून टाकतो आणि बोलण्यातली क, त, स, श यांसारखी व्यंजने त्या वरच्या भागात असतात. म्हणून आजींना मुलगा काहीतरी बोलतो आहे हे कळत होते, पण काय बोलतो ते कळत नव्हते. श्रवणयंत्राचा आवाज वाढवला की गाडीचाही आवाज वाढत होता; शेवटी त्या यंत्रे काढून पर्समध्ये ठेवत आणि पुण्यापर्यंत गप्प बसून राहत.

पुढे असलेले पर्याय

मालक येताना दोन तयार उत्तरे घेऊन आले होते. एका ॲक्सेसरीच्या दुकानाने चारही दारे, संपूर्ण तळ आणि डिकी यांना डॅम्पिंग शीट लावून देण्याचे २८ हजार रुपये सांगितले होते. मालकांच्या धाकट्या भावाने सोफ्याच्या कामातून उरलेला फोम डिकीत भरून आणला होता. तो फुकट होता आणि भरपूर होता.

सोफ्याच्या फोमला आम्ही तिथल्या तिथे नकार दिला. तो उघड्या छिद्रांचा फोम असतो, स्पंजासारखे पाणी धरून ठेवतो आणि पत्र्याला चिकटून राहिला की आतून गंज चढतो. शिवाय तो फार लवकर पेट घेतो. वाहनाच्या आत वापरायच्या साहित्याच्या ज्वलनशीलतेसाठी आपल्याकडे आयएस १५०६१ हे मानक आहे. त्याप्रमाणे तपासलेल्या साहित्याऐवजी घरातला फोम डिकीत, वायरिंगच्या शेजारी भरणे मला कधीच मान्य होणार नाही.

पूर्ण गाडीला शीट लावण्याचा पर्याय चुकीचा नव्हता, पण तो प्रश्न न समजता दिलेला होता. दोन मिलिमीटर जाडीचे ब्यूटाइल रबराचे शीट चौरस मीटरला सुमारे तीन किलो भरते. आठ-नऊ चौरस मीटर लावले तर पंचवीसेक किलो वजन कायमचे वाढते. आणि दारे तर मे महिन्यात कोणी उघडलीच नव्हती. जो आवाज मे महिन्यानंतर सुरू झाला त्याचे कारण मे महिन्यात हात लागलेल्या जागांमध्येच शोधले पाहिजे, हा आमचा आधार होता.

तिसरा पर्याय कंपनीचे मूळ भाग मागवण्याचा होता. चौकशी केल्यावर कळले, की पुढची लायनर, वायपरखालची फोमची पट्टी आणि क्लिपा चार दिवसांत मिळतील. डिकीचा नमदा मात्र सुटा मिळत नाही, तो बाजूच्या संपूर्ण आवरणासह घ्यावा लागेल आणि त्याला तीन आठवडे लागतील. चौथा पर्याय म्हणजे आधी यांत्रिक तपासणी करून, मग हात लागलेल्या जागांपुरतेच अस्तर नव्याने बसवणे. पुष्कळ बोलणे झाल्यावर तिसऱ्या आणि चौथ्या पर्यायाची जोड द्यायचे ठरले: जे मूळ भाग सुटे मिळतात ते मूळच घ्यायचे आणि डिकीचे अस्तर साचा काढून स्वतः करायचे.

मालकांना एक शंका होती आणि ती रास्त होती: आधीच्या गॅरेजने केलेल्या कामाची तपासणी करण्याचे पैसे आपण का द्यायचे? आम्ही त्यांना सांगितले, की तपासणीत काही सापडले नाही तर तिची मजुरी घेणार नाही. अशी सवलत सर्वांना देता येत नाही, पण तपासणीशिवाय शीट चिकटवायला सुरुवात करणे मला पटत नव्हते.

यांत्रिक तपासणी

सुरुवात टायरच्या हवेपासून केली. दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरनुसार हवा ३३ पीएसआय हवी होती. चारही टायरमध्ये ती ४० च्या आसपास निघाली. जास्त हवेचा टायर रस्त्याचा प्रत्येक बारीक धक्का गाडीला पोचवतो. ही दुरुस्ती फुकटची होती.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची होती. आर्म आणि बीम यांचे रबरी बुश आतल्या व बाहेरच्या नळीला चिकटलेले असतात. चाक वर-खाली होते तेव्हा ते रबर पिळले जाते आणि सुटते. अशा बुशचा बोल्ट गाडी लिफ्टवर असताना, चाके लोंबकळत असताना आवळला तर रबर त्या लोंबत्या स्थितीत पक्के होते आणि गाडी जमिनीवर आली की कायमचे पिळलेले राहते. पिळलेले रबर ताठर होते, थरथर अडवत नाही आणि लवकर फाटते. बोल्ट शेवटचा आवळायचा तो गाडीचे वजन चाकांवर असतानाच. आमच्याकडे लिफ्टबरोबर जुन्या पद्धतीचा खड्डाही असल्यामुळे हे काम सोपे जाते. खड्ड्यावर गाडी घेऊन मागच्या बीमचे दोन्ही बोल्ट सैल केले, तेव्हा उजव्या बाजूची आतली नळी डोळ्यांना दिसेल इतकी फिरली. म्हणजे ते बुश दीड महिना पिळलेल्या अवस्थेतच चालले होते. बीम आणि लोअर आर्म यांचे सर्व बोल्ट त्याच स्थितीत टॉर्क पान्याने (ठरलेल्या जोरानेच आवळणाऱ्या पान्याने) पुन्हा आवळले.

तिसरा शोध संध्याकाळी लागला. शटर ओढून दिवे मालवले, आमचा एक सहकारी डिकीत वाकून बसला आणि दुसऱ्याने बाहेरून चाकाच्या कमानीत टॉर्च फिरवली. डाव्या बाजूला नमदा असायला हवा होता तिथे उघड्या पत्र्यात रुपयाच्या नाण्याएवढा प्रकाशाचा ठिपका उमटला. सेन्सरच्या वायरचे ग्रोमेट खोबणीत न बसता वायरवरच लोंबत राहिले होते. ध्वनीच्या बाबतीत भोकाचा हिशेब विलक्षण असतो: भिंत कितीही जाड असली तरी तिच्या क्षेत्रफळाचा एक टक्का भाग उघडा असेल तर एकूण अडवणूक २० डेसिबलच्या पुढे जाऊच शकत नाही. या एका भोकातून आवाज, धूळ आणि चाकाने उडवलेले पाणी असे तिन्ही आत येत होते.

निर्णयाची जागा: आधी पाणी की आधी अस्तर

डिकीतला गालिचा उचलला तेव्हा स्टेपनीच्या खोलगट जागेत दोन बोटे पाणी होते. जूनमध्ये पाऊस नुकताच सुरू झाला होता आणि ग्रोमेटमधून एवढे पाणी आले असेल हे पटत नव्हते. शिवाय मूळ नमदा मे महिन्याआधीच कुजला होता, म्हणजे गळती जुनी होती. शनिवारी पुण्याला जायचे ठरलेले होते आणि मालकांचा आग्रह होता, की अस्तर बसवून गाडी द्यावी, गळतीचे नंतर पाहू. या प्रकरणातला सर्वांत कठीण निर्णय हाच होता, कारण त्यांची निकड खरी होती. आम्ही गाडी दिली नाही. ओल्या पत्र्यावर शीट चिकटवले तर ते सुटते, आणि गळत्या डिकीत नवा नमदा घातला तर पुढच्या वर्षी त्याचाही भुगा होतो. आजी त्या शनिवारी एसटीने गेल्या. मला त्याचे वाईट वाटले आणि आजही वाटते, पण निर्णय बदलावासा वाटत नाही.

गळती शोधण्याची पद्धत साधी आहे. आतून पत्रा पूर्ण पुसून कोरडा केला, मागच्या दिव्यांच्या कडांखाली आणि सांध्यांवर टाल्कम पावडर भुरभुरली आणि बाहेरून नळीने हळू पाणी सोडले. चारेक मिनिटांत उजव्या दिव्याच्या खालच्या कोपऱ्यातून पावडरवर एक बारीक रेघ उमटली आणि कमानीच्या कडेने वळत स्टेपनीपर्यंत गेली. दिव्यामागचे रबरी गॅस्केट चपटे होऊन तडकलेले होते. ते बदलले, ग्रोमेट खोबणीत बसवले आणि पुन्हा पाणी सोडून पावडर कोरडी राहते याची खात्री केली.

अस्तराचे काम

डिकीचा पत्रा साबणाच्या पाण्याने धुऊन दोन दिवस पंख्याखाली वाळवला. कमानीच्या पायथ्याशी दोन ठिकाणी गंजाचे ठिपके होते. ते घासून प्रायमर लावला आणि आणखी एक दिवस जाऊ दिला. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून शीट लावायला घेतले.

शीट कुठे लावायचे हे बोटाच्या पेराने ठरवले. पत्र्यावर टकटक केली आणि “ठण्ण” असा लांबणारा नाद आला तर तो भाग मोकळा आहे. “ठप्प” असा तुटक आवाज आला तर तिथे आधीच ताठपणा आहे किंवा कंपनीचे डांबरी शीट धरून आहे. कमानीच्या वरचा फुगीर भाग आणि तिच्यामागची सपाट बाजू ठणठणत होती. तळाचा पत्रा बहुतेक ठिकाणी ठप्प होता, म्हणून तिथे हात लावला नाही. ठणठणणाऱ्या भागाचाही साधारण एक तृतीयांशच शीटने झाकला. डॅम्पिंग शीट आवाज अडवत नाही. ते पत्र्याच्या थरथरीचे रूपांतर उष्णतेत करून पत्र्याला गप्प करते, आणि त्यासाठी पत्र्याच्या मधोमध लावलेला तुकडा पुरेसे काम करतो. मालक शेजारी उभे होते. त्यांना आधी आणि नंतर स्वतः टकटक करायला लावली. शीटचा एक तळहाताएवढा तुकडा लागल्यावर संपूर्ण बाजूचा नाद मेला, तेव्हा दारांना शीट लावायचा विषय त्यांनीच सोडून दिला.

पावसाळी हवेत शीट ताठ राहते, म्हणून हीट गनने हलके तापवून लहान रोलरने दाबले. त्याच्या ॲल्युमिनियमच्या थरावरची नक्षी सपाट होईपर्यंत दाबायचे, ही खूण आहे. आवाज अडवण्याचे आणि शोषण्याचे काम वरच्या थराचे. त्यासाठी वर्तमानपत्राचे कागद जोडून दोन्ही कमानींचे साचे काढले आणि २० मिलिमीटर जाडीचा पॉलिएस्टरचा नमदा त्यावरून कापला. बाजारात चिंध्यांपासून केलेला नमदा याच्या निम्म्या किमतीत मिळतो आणि आवाज तोही चांगला शोषतो. पण तो पाणी धरतो आणि याच गाडीत त्याचे काय झाले ते समोर होते. शॉकअपच्या नटांवर नमद्याला झडप ठेवली, म्हणजे पुढच्या वेळी नटांसाठी सगळे उचकटावे लागणार नाही.

पुढची लायनर, फोमची पट्टी आणि सगळ्या क्लिपा मूळ कंपनीच्या बसवल्या. प्लास्टिकच्या आवरणांच्या आतल्या कडांना कापडी टेप लावला, त्याने डिकीतली खडखड बंद झाली. याबद्दल अधिक सांगण्यासारखे काही नाही.

निष्पत्ती

आधी आणि नंतर महामार्गाच्या एकाच सपाट टप्प्यावर, ८० किलोमीटर वेगाने, पाचव्या गिअरमध्ये, काचा बंद आणि पंखा बंद ठेवून, मागच्या सीटवर एकाच जागी बांधलेल्या एकाच फोनवर ॲपने मोजणी केली. सुरुवातीला सरासरी ७३ डेसिबल, यांत्रिक दुरुस्तीनंतर ७१ आणि अस्तरानंतर ६८ अशी नोंद झाली. फोनचा माइक प्रमाणित नसतो, त्यामुळे हे आकडे स्वतंत्रपणे घेऊ नयेत. त्यांच्यातला फरक तेवढा अर्थपूर्ण आहे. आवाज निम्मा झाल्यासारखा वाटायला साधारण १० डेसिबलचा फरक लागतो, तेव्हा पाच डेसिबल हा चमत्कार नव्हे. शिवाय ही ॲप बहुधा मानवी कानाच्या संवेदनशीलतेनुसार खालच्या पट्टीतला आवाज कमी धरतात, त्यामुळे गुणगुण किती घटली हे या आकड्यांत पुरते उमटत नाही.

मालकांनी स्वतःची मोजणी केली, ती मला अधिक पटली. पुढच्या फेरीत त्यांच्या पत्नी गाडी चालवत होत्या आणि ते शेजारी बसून, मागे न वळता, नेहमीच्या आवाजात वर्तमानपत्रातल्या बातम्या वाचत होते. आजींनी श्रवणयंत्रे लावलेली होती. शिरवळच्या अलीकडे त्यांनी मागून विचारले, “तो धरणाचा आकडा परत वाच रे, किती टक्के म्हणालास?” मालकांनी हे मला फोनवर सांगितले तेव्हा त्यांचा आवाज भरून आला होता.

एकूण खर्च ११ हजार ४०० रुपये झाला; त्यात मूळ भाग ३ हजार ९००, शीट व नमदा ३ हजार ५०० आणि मजुरी ४ हजार. गाडी आमच्याकडे आठ दिवस होती. धारदार खड्ड्यातला पुढचा ठोका मात्र गेला नाही. मे महिन्यात बसवलेली स्ट्रटची वरची माउंटिंग बाजारातली, मूळपेक्षा कडक रबराची आहे. ती बदलायची तर पुढचे सगळे काम पुन्हा खोलावे लागले असते. तो खर्च आत्ता नको, असे मालकांनी ठरवले.

आमच्याकडून झालेली चूक

बारा दिवसांनी मालकांचा फोन आला, की दार एकदा लोटून लागत नाही, दोनदा आपटावे लागते, आणि खंबाटकी घाटात पावसात काचांवर वाफ धरली ती लवकर गेली नाही. ऐकताच चूक लक्षात आली. बंद गाडीतली हवा बाहेर जाण्यासाठी मागच्या बंपरच्या आड, डिकीच्या कडेला पातळ रबरी पडद्यांची झडप असते. दार लावताना दाबली गेलेली हवा आणि पंख्याने आत आलेली हवा तिथून बाहेर पडते. डाव्या कमानीचा साचा काढताना आम्ही नमदा मागे जास्त वाढवला होता आणि तो नेमका या झडपेवर आला होता. अर्ध्या तासात १५ बाय १० सेंटिमीटरची खिडकी कापून झडप मोकळी केली, तेव्हा दार पुन्हा एका बोटाने लागू लागले.

मूळ नमद्याला त्या जागी खाच होती. तो नमदा टाकून दिलेला असल्यामुळे ती खाच आम्हाला दिसली नाही, हे कारण खरे असले तरी पुरेसे नाही. झडप कुठे असते हे आम्हाला माहीत होते आणि साचा काढण्याआधी ती शोधणे आमचे काम होते.

काय वेगळे करता आले असते

पहिल्या गॅरेजपुरते बोलायचे तर कुजलेला नमदा टाकण्याआधी त्याचा एक फोटो आणि मालकांना एक फोन एवढ्यावर हे प्रकरण तिथेच मिटले असते. नमदा ओला आहे म्हणजे कुठेतरी गळती आहे, हेही तेव्हाच कळले असते. आम्ही या प्रकरणानंतर सस्पेन्शनच्या प्रत्येक कामाच्या जॉबकार्डावर “काढलेले अस्तर” असा वेगळा रकाना केला आहे आणि त्या त्या गाडीच्या क्लिपांचे पाकीट काम सुरू करण्याआधी मागवतो.

मोजणीत आमची घाई झाली. टायरची हवा आणि बुशचे बोल्ट ही दोन्ही कामे एकाच दिवशी उरकून मग फेरी मारली, त्यामुळे पहिल्या दोन डेसिबलांपैकी हवेचे किती आणि बुशचे किती हे सांगता येत नाही. प्रत्येक बदलानंतर वीस मिनिटांची फेरी मारली असती तर पुढच्या गाड्यांसाठी उपयोगी पडेल अशी नोंद हाती राहिली असती.

टायरबाबत तर आम्ही एक सोपी चाचणी केलीच नाही. टायरच्या बाजूवरच्या चार आकड्यांत पहिले दोन आठवडा आणि शेवटचे दोन वर्ष सांगतात. या गाडीच्या टायरवर २३१७ होते, म्हणजे ते २०१७ च्या तेविसाव्या आठवड्यातले, सहा वर्षांचे होते. खाचा पुरेशा खोल होत्या म्हणून आम्ही पुढे गेलो, पण रबर कडक झाले होते. त्याच मापाची दुसऱ्या गाडीची चाके तासभर लावून पाहिली असती तर आवाजात टायरचा वाटा किती ते लगेच कळले असते. मालकांनी पुढच्या जानेवारीत टायर बदलले आणि त्याच टप्प्यावर, त्याच फोनवर ६६ ची नोंद आली. शिल्लक राहिलेल्या आवाजाचा एक भाग जूनमध्येही आमच्या डोळ्यांसमोर, चाकांवरच होता.